खात्यावर पैसे येईपर्यंत

“सर, ह्ये पैसे कशाचे आलेत?”

फोन पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतून होता. मागे यंत्रांची घरघर. बोलणारा माझा जुना विद्यार्थी. अकरावीला आमच्याकडे होता, बारावीच्या दिवाळीनंतर वर्गात दिसेनासा झाला, आणि आता एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागून त्याला आठ महिने झाले होते. खात्यावर दोन हजार तीनशे रुपये जमा झाल्याचा मेसेज त्याला आला होता. मी मनातल्या मनात हिशोब केला. महिना २३०, गुणिले दहा. अकरावीत असताना भरलेल्या अर्जाचा निर्वाह भत्ता होता तो. तसं मी सांगितलं. पलीकडे जरा वेळ नुसती घरघर ऐकू आली. मग त्यानं विचारलं, “मग परत भरावे लागत्याल का? मी तर कॉलेज सोडलंय.”

दहावीनंतर शिकणाऱ्या गरीब घरच्या मुलामुलींना सरकारकडून काय मिळतं, कसं मिळतं, याची ही पुस्तिका तालुक्यातल्या पाच तरुण शिक्षकांनी तयार केली आणि प्रस्तावनेसाठी ते माझ्याकडे आले, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. अशा पुस्तकाच्या प्रस्तावनेत योजनांचं कौतुक करायचं असतं असा माझा समज. ते म्हणाले, सर, तुम्हाला जे वाटतं ते लिहा, कौतुक आम्ही आत केलेलं नाही. मग तो फोन आठवला आणि लिहायला बसलो.

माझा अधिकार सांगायचा तर एवढाच, की मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं आणि एकवीस वर्षं स्कॉलरशिपचं टेबल सांभाळलं. हे टेबल कुणी मागून घेत नाही. सगळ्यात नवा जो असेल त्याच्या गळ्यात ते पडतं आणि पुढचा नवा येईपर्यंत तिथेच राहतं. आमच्याकडे पुढची भरती लवकर झाली नाही. अर्थशास्त्र मी वर्गात शिकवलं, पण शिकलो ते बहुतेक या टेबलावर.

सोळा ते अठरा हे वय मोठं चमत्कारिक. शिक्षण हक्काचा कायदा चौदाव्या वर्षी मुलाचा हात सोडतो. बालकामगारांचा कायदा २०१६ साली बदलला, त्यानुसार चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही, इतर कामावर ठेवता येतं. म्हणजे शाळेत बसवण्याची सक्ती संपलेली आणि कामाला जाण्याची मुभा मिळालेली, अशा दोन कायद्यांच्या मधल्या बोळात ही मुलं उभी असतात. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. एप्रिल-मेमध्ये मुलगा कांदा भरायला, सेंट्रिंगच्या कामाला, मामाच्या गॅरेजात जातो. जूनपर्यंत दिवसाला चारशे रुपये आणायला लागतो. घरानं त्या चारशेची सवय केलेली असते. किराण्याची उधारी त्यातून फिटत असते. आणि मग निकाल लागतो, मुलगा बऱ्या मार्कांनी पास होतो, आणि आम्ही शिक्षक त्याला सांगतो, अकरावीला ये.

आम्ही त्याला काय सांगत असतो? घरी येणारे महिन्याचे आठ-दहा हजार बंद कर. वर एसटीचा पास काढ, वह्या घे, प्रॅक्टिकलचं जर्नल घे, मोबाईलला रिचार्ज मार, दुपारचा डबा ने. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला संधी-खर्च म्हणतात. आमच्याकडे म्हणतात, घरातला एक हात गेला.

अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेची फी हा बहुतेकांच्या बाबतीत मोठा प्रश्न नव्हता. मुलींना तर बारावीपर्यंत शिक्षण मोफतच होतं. एकवीस वर्षांत माझ्यासमोर ज्या आया रडल्या, त्या फीसाठी रडल्या नाहीत. “सर, त्याला शिकायचंय हो, पण त्याचा बाप पडून आहे,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की पुढचं वाक्य मला पाठ होतं. म्हणूनच या पुस्तिकेत फीमाफीची पानं थोडी आहेत आणि मुलाच्या हातात पडणाऱ्या पैशाची पानं जास्त. ही मांडणी मला पटली.

आता आकडे बघू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिच्यात अभ्यासक्रमांचे चार गट केले आहेत. अकरावी, बारावी, आयटीआय हे चौथ्या गटात, म्हणजे तळाला. घरी राहून कॉलेजला येणाऱ्या या गटातल्या मुलाला, आमच्या भाषेत डे स्कॉलरला, आज वर्षाला २,५०० रुपये मिळतात. वसतिगृहात राहणाऱ्याला ४,०००. अडीच हजार भागिले बारा, महिन्याला २०८ रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीवर २०२५-२६ या वर्षाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. महिनाभर कॉलेजला आल्याबद्दल सरकार मुलाला जे देतं, त्याहून जास्त त्याची आई खड्डा खणून एका दिवसात मिळवते.

याआधीचा दर महिना २३० होता, दहा महिन्यांचे तेवीसशे. सुमारे दहा वर्षांनी दर बदलले तेव्हा या मुलांच्या वाट्याला वर्षाकाठी दोनशे रुपये वाढले. मेडिकल-इंजिनिअरिंगच्या पहिल्या गटाचा भत्ता त्याच वेळी डे स्कॉलरसाठी वर्षाला ७,००० झाला. वरच्या गटाला जास्त द्यायला माझी हरकत नाही. पण जिथून सगळ्यात जास्त मुलं गळतात, तिथेच सगळ्यात कमी पैसे ठेवायचे, हा कुठला हिशोब?

तरी त्या फेरबदलाला नावं ठेवून पुढं जाणं अन्यायाचं होईल. २०२० च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं जो निर्णय घेतला, त्यात दरांपेक्षा मोठी गोष्ट होती ती खर्चाच्या वाटपाची. त्याआधी सूत्र असं होतं, की एका पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी जेवढा खर्च झाला, तेवढा बोजा पुढच्या काळात राज्यानं स्वतः उचलायचा; केंद्र फक्त त्यावरची वाढ देणार. बोजा दर पाच वर्षांनी फुगत गेला आणि केंद्राचा वाटा आटत गेला. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांत केंद्र देशभरासाठी वर्षाला सरासरी अकराशे कोटींच्या आसपास देत होतं. राज्यांची तिजोरी तंग झाली, की कात्री पहिली इथे लागे, कारण शिष्यवृत्ती थकली म्हणून कुणी रस्ता अडवत नाही. नव्या निर्णयानं केंद्र ६० आणि राज्य ४० असं कायमचं प्रमाण ठरलं, पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची तरतूद झाली, त्यातले ३५,५३४ कोटी केंद्राचे. तेव्हापासून पैसे दोन तुकड्यांत येतात: आधी राज्याचा वाटा, तो पडल्याची खात्री झाली की केंद्राचा वाटा थेट मुलाच्या खात्यावर. दोन दारं झाली, म्हणजे थांबायच्या जागाही दोन झाल्या.

इथे जरा मागे जाऊन बघायला हवं, कारण गरीब मुलाच्या शिक्षणाला पैसे द्यायचे म्हणजे नेमकं कशाला द्यायचे, याचं उत्तर या भूमीत फार पूर्वी मिळालेलं होतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू केलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली. महाराजांना फी माफ करता आली नसती असं नाही. पण खेड्यातला पोरगा शहरात शिकायचा तर रात्री झोपणार कुठे आणि दोन वेळा खाणार काय, इथून त्यांनी सुरुवात केली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात तेच केलं. त्यांच्या बोर्डिंगातली मुलं स्वतः राबून शिकली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला दरमहा २५ रुपये सुरू केले. केळुसकर गुरुजींनी त्यासाठी शब्द टाकला होता. दरमहा, हा शब्द वाचकानं लक्षात ठेवावा. पुढे हाच विद्यार्थी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. देशातली या प्रकारची ही सगळ्यात जुनी योजना, आणि आमच्या टेबलावरचे निम्मे अर्ज तिचेच असत.

स्वातंत्र्यानंतर वळण बदललं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची सवलत आली. वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल त्या घरच्या मुलाची फी माफ, जात कुठलीही असो. हा निर्णय किती मोठा होता हे ज्यांच्या घरात त्यामुळे पहिला पदवीधर निर्माण झाला त्यांना विचारा. माझ्याच घरात झाला. पण त्या यशाचा एक परिणाम असा झाला, की ‘सवलत’ म्हटलं की फी, ही सांगड शासनाच्या डोक्यात पक्की बसली. आजच्या घोषणा बघा. ईबीसीचंच पुढचं रूप म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. तिची उत्पन्नमर्यादा एक लाखावरून सहा लाख आणि मग आठ लाखांवर गेली. जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, याच आठ लाखांच्या मर्यादेतल्या मुलींचं सगळं शिक्षण शुल्क माफ झालं. चांगलं झालं. आणि निर्वाह भत्ता देणाऱ्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा? अडीच लाख, २०१३ पासून तीच. नवरा-बायको दोघंही दिवसाला साडेचारशेनं वर्षाचे तीनशे दिवस राबली, तर दोन लाख सत्तर हजार होतात आणि मुलगा बाहेर. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ‘बसवून’ आणण्याची जी कला आपल्याकडे विकसित झाली, तिच्या मुळाशी थोडी लबाडी आहे आणि बरीचशी ही मर्यादा आहे. मी असे दाखले पाहून न पाहिल्यासारखे केले आहेत. आता निवृत्त आहे, म्हणून लिहितो.

फीचा पैसा शेवटी संस्थेच्या खात्यात जातो. तो द्यायला शासनाचा हात आखडत नाही. पोराच्या हातात रोकड द्यायची म्हटली, की सगळ्यांना एकदम शंका येऊ लागतात. मोबाईल घेईल, गाडीत पेट्रोल टाकेल, बाप दारू पिईल. स्टाफरूममध्ये हे मी वर्षानुवर्षं ऐकलं, आणि बोलणाऱ्यांचा महागाई भत्ता कशावर खर्च होतो हे त्यांना कुणी विचारलं नाही. पैसे आल्यावर आमच्या मुलांनी काय केलं हे मी पाहिलं आहे. एकानं चप्पल घेतली. एकीनं आईचं गहाण ठेवलेलं डोरलं सोडवायला अर्धे दिले. एकानं खरोखरच मोबाईल घेतला, आणि पुढच्या वर्षी त्याच मोबाईलवर त्यानं गावातल्या अकरा मुलांचे अर्ज भरून दिले.

हा संशय आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनमध्ये १९९९ साली काही भागांत एक प्रयोग सुरू झाला आणि २००४ पासून तो सगळ्या इंग्लंडभर लागू झाला. सोळा ते एकोणीस वयाच्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांनी शाळा-कॉलेजात राहावं म्हणून त्यांना आठवड्याला १०, २० किंवा जास्तीत जास्त ३० पौंड. मला त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पैसे दर आठवड्याला. पैसे आईवडिलांच्या नव्हे, मुलाच्या खात्यावर. आणि त्या आठवड्याची हजेरी भरली असेल तरच. मुलानं कॉलेजला येणं हे त्याचं काम मानलं आणि त्या कामाचा आठवड्याचा पगार दिला. साडेसहा लाखांच्या आसपास मुलं तो घेत होती.

२०१० मध्ये सत्ता बदलली, खर्चकपात आली आणि योजना गुंडाळायची ठरलं. त्यासाठी पुढं केलेला मुद्दा मोठा चतुर होता. एका पाहणीत, पैसे घेणाऱ्या मुलांपैकी फक्त बारा टक्क्यांनी सांगितलं होतं, की हे पैसे नसते तर आम्ही शिकायला आलोच नसतो. मग उरलेल्या अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर पैसा वाया गेला, ती तर नाहीतरी आलीच असती! विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पण २०११ मध्ये इंग्लंडमध्ये योजना बंद झाली आणि तिच्या जागी कॉलेजांच्या हाती एक बराच लहान निधी दिला गेला. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या अभ्यासकांनी तेव्हाच दाखवलं होतं, की जी थोडी मुलं या पैशामुळे टिकली, त्यांची पुढची वाढीव कमाई धरली तर योजनेचा खर्च निघतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडनं ती बंद केली नाही. वेल्सनं २०२३ मध्ये आठवड्याचे ४० पौंड केले.

हा बारा टक्क्यांचा हिशोब मी वर्गात मुलांना घालायचो. एका मुलीनं दिलेलं उत्तर अजून आठवतं. ती म्हणाली, “सर, मी तशीपण आलेच असते. पण उपाशी आले असते.” कॉलेजला येणं आणि कॉलेजात शिकणं यांतला फरक पाहणीच्या रकान्यात बसत नाही.

आपल्याकडे असं काहीच नाही असं म्हटलं, तर या पुस्तिकेची अर्धी पानं खोटी ठरतील. बोर्डिंगची जुनी कल्पना गेल्या काही वर्षांत रोख रकमेच्या रूपात परत आली आहे. जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयानं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यानं शासकीय वसतिगृहासाठी अर्ज केला आणि जागा मिळाली नाही, तर त्याला जेवण, निवास आणि निर्वाह यांसाठी रक्कम खात्यावर. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महानगरपालिकांत ५१,०००, बाकी ठिकाणी ४३,०००. अकरावी-बारावीच्या मुलांनाही ती लागू आहे, हे अनेक प्राध्यापकांनाच माहीत नसतं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर स्वयम् योजना आहे, पण ती बारावीच्या पुढं सुरू होते. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं मंजूर झाली. कोयता ऑक्टोबरमध्ये गाव सोडतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परततो, म्हणजे मुलाच्या शैक्षणिक वर्षाचा मोठा भाग त्या सहा महिन्यांत येतो; तिथे भत्त्यापेक्षा छप्परच हवं.

पण एक भेग राहते, आणि ती मुलींच्या वाट्याला येते. शहरात खोली घेऊन राहिलं तर ४३,०००. घरून येऊन-जाऊन शिकलं तर २,५००. सोळा वर्षांच्या मुलीला तालुक्याला खोली करून ठेवणारे आईबाप आमच्या भागात थोडे. ती रोज पहाटे उठते, भाकरी थापते, एसटी पकडते, संध्याकाळी परत येऊन पुन्हा चुलीपाशी बसते. कागदावर ती ‘घरी राहणारी’, म्हणून तिची गरज कमी. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे आणि मागास तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या गाड्या त्यांच्यासाठी फिरतात. माझ्यापुरतं विचाराल तर दहावीनंतर मुली टिकवणारी सगळ्यात चांगली शिष्यवृत्ती ही निळी गाडीच आहे. तिला अर्ज लागत नाही, दाखला लागत नाही, आणि ती रोज येते. म्हणजे बहुतेक रोज.

गुणवत्तेच्या योजना मी भराभर ओलांडतो. दहावीला पंच्याहत्तर टक्क्यांवर गेलेल्या अनुसूचित जातीच्या मुलाला अकरावी-बारावीत महिना ३०० रुपयांची शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा घेऊन दिली जाणारी एनएमएमएस ही त्याहून कितीतरी भक्कम: नववी ते बारावी वर्षाला १२,०००, म्हणजे महिना हजार. ती मिळालेली मुलं सहसा गळत नाहीत. फक्त ती परीक्षेला बसवावी लागतात, आणि ज्या शाळेत एखादा शिक्षक हट्टानं तयारी करून घेतो तिथेच ती लागते. आयटीआयच्या मुलांचं विद्यावेतन तर वर्षानुवर्षं महिना चाळीस रुपये होतं. चाळीस. अलीकडे ते पाचशे झालं. आणि हे सगळं ज्या राज्यात, त्याच राज्यानं २०२४ मध्ये युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली आणि बारावी झालेल्याला कामावर शिकण्यासाठी महिना ६,००० रुपये द्यायला सुरुवात केली. बारावी झाल्यावर सहा हजार, बारावी होईपर्यंत दोनशे आठ. तमिळनाडूनं सरकारी शाळेतून पुढे शिकायला जाणाऱ्या मुलींना २०२२ पासून आणि मुलांना २०२४ पासून महिना हजार रुपये थेट खात्यावर सुरू केले आहेत, डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांनाही. त्यातली रक्कम मला विशेष वाटत नाही. ती महिन्याला येते, हे विशेष.

या पुस्तिकेतलं सगळ्यात लांब प्रकरण महाडीबीटी या अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलवरचं आहे आणि तेच सगळ्यात उपयोगी ठरेल. अर्ज ऑनलाइन झाले तेव्हा आम्हाला वाटलं होतं, टेबल सुटलं. २०१७-१८ मध्ये पोर्टल इतकं अडखळलं, की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. नंतर ते सुधारलं, हे मान्य करायला हवं. पूर्वीची दलाली बरीच आटली, मधल्या हातांना चिकटणारे पैसे वाचले. पण माणसाच्या जागी आलेल्या यंत्राला समजावता येत नाही. दाखल्यावर ‘ज्ञानेश्वर’, आधारवर ‘माऊली’. दोन्ही एकच, हे आख्ख्या गावाला ठाऊक, पोर्टलला नाही. ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर ऊसतोडीला गेलेल्या बापाच्या खिशात. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो कारण लिपिक निवडणुकीच्या कामावर. तिथून समाजकल्याणला जातो, तिथून एखादी बारीक त्रुटी निघाली की ‘सेंड बॅक’. मुलाला वाटतं, नामंजूर झाला. तो पुन्हा उघडूनही बघत नाही. मंजूर झाला तरी व्हाउचर ‘रिडीम’ करायचं राहतं. शेकडो मुलांचे पैसे या एका बटणापाशी अडकलेले मी पाहिले आहेत. मराठी माध्यमात दहा वर्षं शिकलेल्या पोरानं ‘रिडीम’ म्हणजे काय समजायचं?

आणि या सगळ्याला लागणारा वेळ. वर्ष जूनला सुरू होतं, अर्ज पावसाळा उलटता उलटता सुटतात, तारखा वाढत जातात, पैसे येतात ते परीक्षेच्या तोंडावर किंवा पुढच्या वर्षी. निर्वाह म्हणजे ज्यावर आज जगायचं. मागच्या वर्षीचा निर्वाह या वर्षी कसा करतात, हे मला अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही. रक्कम वाढवा ही मागणी सगळे करतात, मीही करतो. पण मला एकच मागता येणार असेल, तर मी म्हणेन, आहे तीच रक्कम ठेवा आणि दर महिन्याच्या दहा तारखेला द्या. २०८ रुपयांत महिन्याचा रिचार्ज निघतो किंवा आठवड्याची भाजी येते. मुख्य म्हणजे घरात एक वाक्य उच्चारता येतं, ‘पोराचे पैसे आले’. ज्या घरात दर महिन्याला हे वाक्य उच्चारलं जाईल, तिथला बाप पोराला कॉलेज सोड म्हणण्याआधी एकदा थांबेल. वर्षाच्या शेवटी एकरकमी आलेले अडीच हजार हे काम करू शकत नाहीत. ते तेव्हा बक्षीस असतात, नाहीतर कोड्यात टाकणारा एक मेसेज.

या पाच शिक्षकांनी पगारी नोकरी सांभाळून, रविवार घालून हे काम केलं. प्रत्येक योजनेचं पान एकसारखं नाही, काही ठिकाणी माहिती जास्त, काही ठिकाणी त्रोटक. दर वर्षी शासन निर्णय बदलतात, तसं हे पुस्तक दर वर्षी जुनं होणार आहे. पुढच्या जूनमध्ये नवी आवृत्ती काढायचं त्यांनी कबूल केलं आहे. मी त्यांना ती आठवण करून देणार आहे.

तो मुलगा परत कॉलेजला आला नाही. ते तेवीसशे त्यानं आईला पाठवले. परत भरायची गरज नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं, तरी त्यानं दोन महिने खर्च न करता ठेवले होते, असं आई नंतर म्हणाली.

ज्या विद्यार्थ्याच्या हातात हे पुस्तक आहे, त्याला एकच सांगतो. पुढचं पान उलटण्याआधी बँकेत जा आणि तुझं आधार सध्या नेमकं कोणत्या खात्याला जोडलेलं आहे, ते विचारून ये. सिमकार्ड घेताना कुणीतरी अंगठा घेऊन तुझ्या नावानं दुसरंच खातं उघडलं असेल, तर पैसे तिकडे जातात. असं झालेली चौदा मुलं माझ्या शेवटच्या वर्षात निघाली. पासबुक, आधार आणि तो मोबाईल नंबर सोबत ने. आणि शक्यतो सोमवारी जाऊ नकोस, गर्दी असते.